शिळेखाली झोप, झोपेखाली विष

मेहरूण, जळगाव
रविवार, १२ ऑक्टोबर २०२५

चि. रूपाली,

हे पाकीट तू उघडशील की नाही, मला ठाऊक नाही. म्हणून कामाचं आधी लिहितो. प्रश्न माझा नाही, समाधानचा आहे. एकाच माणसावर एकावर एक असे दोन मंत्र घातलेले असतील आणि कुणी वरून उतारा केला, तर दोन्ही मंत्र उतरतात की फक्त शेवटचा?

हे तुझ्याशिवाय कुणाला ठाऊक नाही, असं तुझ्या खेळातल्या तिघांचं म्हणणं पडलं. मी फोन केला तर तू उचलत नाहीस आणि त्यांना तू 'आता मी खेळत नाही' एवढंच कळवतेस. मग मी म्हटलं, मी पत्र टाकतो. छत्तीस वर्षं मुलांना पत्रलेखन शिकवलं, निदान तेवढं मला येतं.

आज दुपारी आले होते तिघे. समाधान आता चष्म्याच्या दुकानात डोळे तपासतो. खुर्चीत टेकताटेकता त्याने मला सांगितलं, 'नाना, तुमचा नंबर बदललाय.' दिपमाला रक्त तपासायच्या लॅबमध्ये आहे. प्रेमराज केळीची रोपं काचेच्या बाटल्यांत वाढवतो. तुझ्या आईने त्यांना भरीत आणि कळण्याची भाकरी वाढली आणि तिघांनी ती गप्प बसून खाल्ली. तीन वर्षांनी या घरात आले होते ना.

खेळ पुन्हा सुरू करायचा आहे त्यांना. मी त्या खेळाला 'ते फासे' म्हणायचो, तुला आठवत असेल. आज पहिल्यांदा मी विचारलं, की त्यात नेमकं होतं काय. समाधान सांगायला लागला. तो गोष्ट सांगतो, बाकीचे एकेक पात्र होऊन बोलतात आणि पुढे काय घडतं ते फाशावर ठरतं. ढगांच्या वरून एक नदी वाहते. तिच्यावर केवडा नावाची एक नावाडीण नाव चालवते, आणि ही केवडा म्हणजे तुझं पात्र. केवडाने नदीचं विषारी पाणी प्यायलं. विष पुढे सरकू नये म्हणून प्रेमराजच्या वैद्याने तिला मंत्राने झोपवलं. तेवढ्यात पलीकडच्या काठावरच्या जादूगारणीने तिची शिळा केली. तिथे त्या रविवारचा खेळ थांबला आणि पुढचा रविवार आलाच नाही. म्हणजे केवडा तीन वर्षं नावेच्या टोकाशी दगड होऊन उभी आहे.

शिळेचा मंत्र उतरवताना झोपेचाही उतरला, तर विष चढेल आणि ती मरेल. म्हणून हा प्रश्न.

त्यांनी तुझी मंत्रांची आणि नियमांची वही मागितली. मी सांगितलं, ती रद्दीत गेली. तुला सांगितलं होतं तेच.

कळव. पोस्टकार्ड टाकलंस तरी चालेल.

तुझे नाना

*

मेहरूण
रविवार, २६ ऑक्टोबर २०२५

चि. रूपाली,

दिवाळी झाली. तुझा फोन आला होता हे मला कळलं, कारण तुझी आई स्वयंपाकघरात जाऊन दार लोटून घेते. मला तिच्या बाजूचं तेवढं ऐकू येतं. 'हो', 'नाही गं', 'खातात वेळेवर', 'पाय आता बरा आहे.' माझ्या पायाला काय झालं होतं हे तू विचारलंस, की तिने आपणहून सांगितलं, ते त्यावरून समजत नाही.

माझ्या पत्राला उत्तर आलं नाही. तरी दुसरं लिहितोय, कारण मी अडकलो आहे.

गेल्या रविवारी ती मुलं पुन्हा आली. आता आपल्याच पुढच्या खोलीत बसतात. वहीतले मंत्र आठवून पुन्हा लिहून काढायचं चाललं आहे आणि प्रत्येकाला ते वेगळे आठवतात. मी नुसता पेपर वाचत बसलो होतो. पण रूपाली, माझा जन्म व्याकरणात गेला. दोन नियम एकमेकांशी भांडायला लागले की मला पेपरात लक्ष ठेवता येत नाही.

तुझे तीन शब्द मला फार आवडले. मंत्र तोंडातून निघत असताना मध्येच तोडला, तर ती काट. मंत्र लागून गेला आणि अजून चालू आहे, तो काढला तर तो उतारा. आणि तिसरं म्हणजे घडून गेलेलं. वीज पडली, झाड जळालं, मंत्र तिथेच संपला. चालू काही उरलंच नाही, तर उतरवणार काय? त्याला ना काट, ना उतारा. हे तू कितव्या वर्षी लिहिलंस? मी विचारलं, तर दिपमाला म्हणाली, 'एकोणिसाव्या.'

मग प्रेमराज आणि समाधान यांची जुंपली. प्रेमराज म्हणे, दोघांनी एकाच जागी धुकं पाडलं तर धुकं दुप्पट होईल. समाधान म्हणे, नाही, एकच राहील. मी पेपर खाली ठेवला.

'एकसारखे दोन असतील तर मोठ्याचं चालतं,' मी म्हणालो. 'धाकटा मरत नाही, गप्प बसतो. मोठा उठून गेला की धाकट्याला वाचा फुटते.'

दिपमाला म्हणाली, 'नाना, वहीत अगदी असंच होतं. तुम्ही वही वाचली होती?'

मी म्हणालो, 'नाही.'

पुढे प्रेमराजने विचारलं, 'आणि मुकेपणाच्या घेऱ्यात उभं राहून कुणी मंत्र म्हटला तर?'

'घेऱ्यात कुणाचाच आवाज निघत नाही, हा झाला सामान्य नियम. एखादा मंत्र बोटांनीच करतात, असं आधी लिहिलं असेल, तर तो अपवाद. सामान्य नियम आणि अपवाद भिडले की अपवाद जिंकतो. नाहीतर अपवाद लिहिला कशाला?'

समाधानने ते लिहून घेतलं. निवृत्त झाल्यापासून चार वर्षांत माझं बोलणं कुणी लिहून घेतलं नव्हतं.

बाकी ठीक. तू गेल्यानंतर बंब मी माळ्यावर टाकला, आता पाणी गीझरवर तापतं. तुझी आई म्हणते, त्या पाण्याने अंघोळ झाल्यासारखी वाटत नाही.

केवडाचं कळव. मुलं खोळंबली आहेत.

नाना

*

मेहरूण
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

चि. रूपाली,

हसू नकोस. मी आता खेळतो.

समाधान म्हणाला, नुसतं न्यायाधीश होऊन बसू नका, एक पात्र घ्या. मी एक म्हातारा घाटवाला घेतला. नदीच्या काठी राहतो आणि कोण कुठे उतरलं ते लक्षात ठेवतो, एवढंच त्याचं काम. मंत्र त्याला एकच येतो, उतारा. माझ्या आयुष्यात सहाच्या वर आकडा दाखवणारा फासा मी हातात घेतला नव्हता. वीस बाजूंचा तुमचा फासा तळहातावर ठेवला तर चिंचोक्यासारखा गार लागतो.

मला काय होतं ते सांगतो. समाधान हलक्या आवाजात सांगत जातो आणि खोली निघून जाते. समोर शोकेस असतं, त्यातले माझे सत्काराचे नारळ असतात, सगळं असतं, पण त्याच्या मागे ती नदी दिसायला लागते. पाणी पांढरं, आवाज नाही. खाली कुठेतरी फार खोल गावं आहेत, आणि तिथल्या लोकांना वाटतं की हे ढग जात आहेत. नावेच्या टोकाशी केवडा उभी, एक हात पुढे, बोटांमध्ये कोळ्याने जाळं विणलेलं. माझा घाटवाला रोज आपली होडी वल्हवत तिच्या नावेपर्यंत जातो, ते जाळं काढतो आणि परत येतो. समाधान म्हणाला, 'नाना, याने खेळात काही होत नाही.' मी म्हणालो, 'न होऊ दे.'

आता सकाळी तलावावर फिरायला जातो तेव्हा पाण्यावर धुकं असतं. पलीकडचा काठ दिसत नाही. काल बराच वेळ उभा राहिलो. एका ओळखीच्या गृहस्थांनी विचारलं, 'गिरधर सर, कुणाची वाट बघताय?' मी म्हणालो, नावेची. त्यांनी काळजीने माझ्याकडे पाहिलं.

आज मात्र एक झालं. जादूगारणीने गावावर शाप टाकला आणि दिपमाला 'काट!' म्हणून ओरडली. समाधान म्हणाला, 'उशीर झाला. तिचं वाक्य संपलं होतं.' दिपमाला खट्टू झाली. मग फासे आवरता आवरता, खेळाशी काही संबंध नसल्यासारखं, तिने मला विचारलं,

'नाना, रूपालीची वही रद्दीत कुणी दिली?'

तुझी आई तेव्हा चहाचे कप उचलत होती. ती थांबली नाही.

'घरातली रद्दी कोण देतं?' मी म्हणालो.

दिपमालाने आईकडे पाहिलं. आई कप घेऊन आत गेली. नळ सुटल्याचा आवाज आला, बराच वेळ आला. कप चारच होते.

आज पुढे लिहवत नाही.

नाना

*

मेहरूण
मंगळवार, १८ नोव्हेंबर २०२५

रूपाली,

वही मी जाळली.

सतरा ऑगस्ट दोन हजार बावीस. तू एका बारशासाठी भुसावळला गेली होतीस. आदल्या आठवड्यात स्पर्धा परीक्षेच्या मुख्य पेपरांचा निकाल लागला होता, दुसऱ्यांदा नापास. शाळेच्या एका कार्यक्रमात तीन शिक्षकांनी मला विचारलं होतं, 'सर, मुलीचं काय झालं?' तुझ्या टेबलावर अभ्यासाची पुस्तकं होती आणि त्यांच्यावर ती वही. मी ती उघडली. मी वाचली, रूपाली. दिपमालाला 'नाही' म्हणालो तेही खोटं. अर्धा तास उभ्याने वाचली. वाचताना मला राग आला तो वही वाईट होती म्हणून नाही. इतकं नेटकं, इतकं विचार करून माझ्या कुठल्या विद्यार्थ्याने कधी लिहिलं नव्हतं, आणि ते सगळं ढगावरच्या नदीसाठी होतं. मला वाटलं, ही सगळी ताकद इथे गेली म्हणून तिथे कमी पडली. बंब पेटलेला होता. पुठ्ठा आधी जळेना. मी काठीने ढोसला.

संध्याकाळी तू विचारलंस, 'माझी वही कुठे आहे?' आणि माझ्या तोंडून निघालं, 'आईने रद्दीत दिली असेल.'

ठरवून बोललो नव्हतो. पण बोलल्यावर मागेही घेतलं नाही. तुझी आई पोळ्या लाटत होती. तिने माझ्याकडे पाहिलं, मग तुझ्याकडे, आणि म्हणाली, 'असेल.' नोव्हेंबरात तू शाळेत नोकरी धरून सोनगीरला गेलीस.

तुला लिहायच्या आधी हे तिला सांगायला हवं होतं. शनिवारी दुपारी सांगितलं. ती अंगणात तूर निवडत होती. मी समोर पायरीवर बसलो आणि सगळं सांगितलं. तिने सूप खाली ठेवलं नाही.

'बंबाची राख कोन काढे?' तिने विचारलं.

'तू.'

'मंग? वहीच्या तारेचं वेटोळं सापडलं मले दुसऱ्या दिवशी. काळं पडलेलं. मले त्याच दिवशी कळलं.'

'मग बोलली का नाहीस?'

'तुमी बोलाल म्हनून वाट पायली. आधी आठ दिवस पायली. मंग महिना. मंग पोरगी गेली.' तिने सूप पाखडलं. 'त्याच्यावर मी बोलले असते तर तुमी म्हनले असते, बायकोनेच काढलं तोंडातून. मले तुमच्या तोंडून पाहिजे होतं.'

मी म्हणालो, 'तुझ्यावर आळ घेऊन तीन वर्षं राहिलीस?'

'फैजपूरला माहेरी जाते म्हनून सांगून जाते ना मी, दर दोन महिन्यांनी,' ती म्हणाली. 'एकदाही फैजपूरला गेले नाही. सोनगीरला जाते.'

आणि ती उठून आत गेली. त्या रात्री जेवण तिने वाढलं, पण माझ्याशी बोलली नाही. आज सकाळपर्यंतही नाही. ते बरोबरच आहे. तिने तीन वर्षं वाट पाहिली, मला चार दिवस जड जायला नकोत.

रविवारी मुलांनाही सांगितलं. प्रेमराज उठून गॅलरीत गेला. दिपमाला म्हणाली, 'नाना, माझे दीडशे मंत्र होते त्यात. माझ्या हाताने लिहिलेले.' मला वाटलं, आता ते यायचे नाहीत.

माफी मागतो. ती दे असं म्हणत नाही. फक्त मागितली आहे, हे तुझ्याकडे लेखी असावं.

गिरधर

*

मेहरूण
रविवार, ७ डिसेंबर २०२५

चि. रूपाली,

तुझं पत्र बुधवारी आलं. पोस्टमनने दिलं तेव्हा अक्षर ओळखलं आणि पाकीट घेऊन तलावापर्यंत चालत गेलो. घरी उघडायचं धैर्य झालं नाही. मी ते इतक्या वेळा वाचलं आहे की आता न बघता म्हणू शकतो.

'वही जळाली हे मला त्याच संध्याकाळी कळलं होतं. न्हाणीघरात पुठ्ठ्याचा वास होता. वहीसाठी मी घर सोडलं नाही. वही मी पुन्हा लिहिली असती. तुम्ही आईचं नाव घेतलंत तेव्हा मी तुमच्याकडे बघत होते, आणि तुम्ही दाराकडे बघत होतात. त्या क्षणाला कुणीतरी थांबवायला हवं होतं. आईने थांबवलं नाही, मीही नाही. तिघांनी मिळून ते खोटं घरात राहू दिलं. मला त्या घरात जेवता येईना.'

खाली एक ओळ सोडून लिहिलं आहेस:

'केवडाचं. वहीत हा नियम नव्हता. एक्केचाळिसावं पान मी त्यासाठी कोरं ठेवलं होतं, कारण मलाच ठरवता येत नव्हतं. आता ठरवते. उतारा करणाऱ्याने आधी सगळे मंत्र, आणि त्यांच्या तळाशी जे असेल तेही, वरून खालपर्यंत नाव घेऊन सांगायचे. नीट सांगितले तर फक्त सर्वांत वरचा उतरतो आणि बाकीचे जागच्या जागी राहतात. एकही चुकला किंवा लपवला, तर सगळे एकदम उतरतात.'

रूपाली, वही असती तरी उत्तर मिळालं नसतं, हे वाचून मला हायसं वाटलं नाही. उलट वाटलं, की ते कोरं पान तरी मी पाहायला हवं होतं. मी एक्केचाळीसपर्यंत पोचलोच नव्हतो.

मुलं आज आली. दोन रविवार आली नव्हती, पण समाधानला तुझ्या उत्तराचं कळवलं आणि तिघंही दुपारी दारात हजर. प्रेमराज माझ्याशी अजून मोजकंच बोलतो. दिपमालाने नवी वही आणली आहे, लांबट, हिशेबाच्या वहीसारखी. तिच्यावर तिने माझं नाव घालू दिलं नाही. 'तुम्ही फक्त शुद्धलेखन बघायचं,' म्हणाली.

उतारा माझ्या घाटवाल्यालाच येतो, म्हणून मीच नावेत चढलो. समाधानचा आवाज खाली आला. नदीवर धुकं होतं. मी केवडाच्या बोटांतलं जाळं काढलं आणि म्हणालो, 'वर शिळा. शिळेखाली झोप. झोपेखाली विष.' फासा टाकला. चौदा. तेवढे पुरे होते.

समाधान सांगत गेला. आधी बोटांची टोकं, मग मनगट. दगडाचा रंग पाण्यात खडू विरघळावा तसा उतरला. केवडा पडली, प्रेमराजच्या वैद्याने तिला झेललं. ती झोपलेली होती. श्वास चालू होता. आम्ही तिला नावेत आडवं केलं आणि अंगावर शिडाचं कापड घातलं. विषावरची मुळी पलीकडच्या काठावर उगवते, असं समाधान म्हणाला. मी लगेच वल्हं मागितलं, तर तो म्हणाला, 'नाही नाना. इथून पुढे केवडाला रूपालीनेच चालवायचं. आपण फक्त नाव बांधून ठेवू.'

तुझ्या पत्राच्या शेवटी एक ओळ आहे, तिचा अर्थ मी लावू शकलो नाही. 'शनिवारी शाळा सुटल्यावर दोन वाजता आमच्याकडे मुलं खेळतात.' एवढंच. पुढे काही नाही. तुझ्या आईला वाचून दाखवली. ती आता माझ्याशी बोलते, लागेल तेवढं.

'व्याकरनाचे मास्तर तुमी,' ती म्हणाली, 'आनि आवतन ओळखू येईना?'

तरी मी विचारतो. येऊ का?

पण हे पत्र तुला शनिवारच्या आधी मिळेल असं वाटत नाही. तेव्हा विचारून उपयोग नाही. येतो.

नाना

*

मेहरूण
रविवार, १४ डिसेंबर २०२५

चि. रूपाली,

काल भेटलो आणि आज पत्र लिहितोय म्हणून आई हसते आहे. पण काल काय झालं ते मला तिला नीट सांगता आलं नाही, आणि तुला जे सांगायचं होतं ते तर राहूनच गेलं.

धुळ्याला गाडी बदलली. सोनगीरला उतरलो तेव्हा अडीच वाजून गेले होते. किल्ल्याच्या खाली तुझी शाळा सापडायला वेळ लागला नाही. गेटवर तोताराम नावाचा शिपाई होता, त्याने मला एखाद्या मुलाचा आजोबा समजून थेट वर्गाकडे पाठवलं. मी दाराबाहेर थांबलो.

तू जमिनीवर बसली होतीस. भोवती अकरा मुलं. मधे खडूने काढलेली नदी. मी तुला कधी अहिराणी बोलताना ऐकलं नव्हतं. तुझ्या आईची फैजपूरची बोलीसुद्धा घरात मी तुला बोलू दिली नाही. 'मले' म्हणालीस की 'मला' म्हणवून घ्यायचो. आणि तू तिथे अशी बोलत होतीस, जशी तिथेच जन्मली आहेस.

एक मुलगा ओरडला, 'मन्हा दिवा पेटना!' म्हणजे पेटला. दोन वेण्यांची एक मुलगी म्हणाली, 'तठे मन्हं धुकं शे. तुन्हा दिवा काय कामना?' 'शे' म्हणजे 'आहे', एवढं मला लागलं. सगळे एकदम भांडायला लागले. मी असतो तर टेबलावर डस्टर आपटून निर्णय सांगितला असता. तू त्यांना भांडू दिलंस. मग विचारलंस, 'पहिलं काय व्हतं, दिवा का धुकं?' ते म्हणाले, धुकं. 'मंग धुक्यामा दिवा लावा तर काय दिसस?' ती मुलगी हळूच म्हणाली, 'बठ्ठं पांढरं दिसस. काहीच नही दिसस.' आणि तिनेच हात वर करून सांगितलं, की मग दोघांनाही आपापला मंत्र सोडावा लागेल, नाहीतर नाव खडकावर जाईल. मुलाने मान हलवली. तू एक शब्दही सांगितला नव्हतास.

तेव्हा तुझी नजर दाराकडे गेली.

तू उठली नाहीस. मीही आत आलो नाही. त्या मुलीने मागे वळून मला विचारलं, 'तुम्ही कोन शेतस?'

मला खरोखरच सुचेना. घाटवाला म्हणू, की सर म्हणू, की नुसतं नाव सांगू. आणि तू खडूची पूड झटकत म्हणालीस, 'त्या मन्हा वडील शेतस.' मग तीच मुलगी सरकली आणि मला बसायला जागा झाली.

स्टँडवर आपण गाडीची वाट पाहत उभे होतो तेव्हाचं सगळं मला शब्द न शब्द आठवतं.

'नाना, माझा राग गेलेला नाही.'

'असू दे.'

'पुढच्या शनिवारीही असेल.'

'मी पुढच्या शनिवारीही येतो.'

धुळ्याची गाडी आली, मी चढलो, खिडकीशी जागा मिळाली. तू खिडकीखाली येऊन म्हणालीस, 'दोनच्या आधी या. उशिरा आलेल्याला मी खेळात घेत नाही.'

तेव्हाच मला ते सांगायला हवं होतं. गाडी सुटली आणि राहिलं. ते असं.

मी छत्तीस वर्षं शिकवलं. मला आदर्श शिक्षकाचे दोन पुरस्कार आहेत, ते तुला माहीत आहे. माझा वर्ग शांत असायचा आणि मला त्याचा अभिमान होता. पण शेवटचा तास संपत आला की मुलं घंटेकडे कान लावून बसायची. मला ते दिसायचं. दप्तरं आधीच भरलेली असायची. काल साडेचारला तोताराम दारात येऊन किल्ल्या वाजवत उभा राहिला. शनिवार होता, उन्हं कलली होती, घरी जायची वेळ होऊन गेली होती. त्याने दोनदा किल्ल्या वाजवल्या.

तुझ्या वर्गातलं एकही मूल उठलं नाही.

नाना